कोंबडी टोचली गेली तर...

मागच्या खेपेला या सदरात वाळवणाबद्दल लिहिलं, तेव्हा कुरडया-पापड पाखरांपासून कसे राखावेत हेही ओघात आलं होतं. त्यावर अमळनेरच्या एका भगिनींचं पत्र आलं. त्या लिहितात, ‘‘बाहेरची पाखरं हाकलता येतात हो, पण घरच्याच कोंबड्या एकमेकींना टोचू लागल्या तर काय करावं? आमच्याकडे पाच आहेत. त्यांतल्या एकीची पाठ बाकीच्या चौघींनी सोलून काढली आहे. सासूबाई म्हणतात, कापून टाका. मुलगा दोन दिवस धड जेवत नाही. काही उपाय आहे का?’’

पत्र वाचलं आणि मला आमची चंपीच आठवली. स्वयंपाक-शिवणाच्या पानावर कोंबडीचं कसलं लिहायचं, असं कुणाला वाटेल. पण आमच्या देवपुरातच मागच्या अंगणात चार-दोन कोंबड्या बाळगणारी घरं कितीतरी आहेत. घरची अंडी मुलांच्या पोटात जातात, शिळ्या भाकरीचा तुकडा वाया जात नाही. आणि असा प्रसंग आला की निस्तरावा लागतो तो घरातल्या बाईलाच. तेव्हा मला जे समजलं ते सांगते. त्यातलं निम्मं मी चुका करून शिकले आहे.

आमच्याकडे चार गावरान कोंबड्या होत्या. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये साक्रीहून नणंदबाई आल्या, त्यांनी दोन तांबड्या संकरित कोंबड्या आणल्या. मी काय केलं, तर भर दुपारी त्या दोघींना सरळ जुन्यांच्या खुराड्यात सोडलं आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून परतले तर एक नवी कोंबडी कोपऱ्यात डोकं खुपसून बसलेली. शेपटीच्या बुडाशी पिसं नाहीत, रुपयाएवढं कातडं सोललेलं, आणि बाकीच्या सगळ्या तिच्या मागे ओळीने उभ्या. शेजारच्या आजी कुंपणावरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘पोरी, तिले आते रस्सामा टाक.’’ ह्यांचंही मत तेच पडलं. मुलगी मात्र रडायला लागली. तिने त्या कोंबडीचं नाव आदल्या संध्याकाळीच ठेवलं होतं. नाव ठेवलेली कोंबडी रश्श्यात जात नाही, एवढं मला ठाऊक होतं.

पहिलं काम म्हणजे जखमी कोंबडीला त्या क्षणी वेगळं काढणं. औषध शोधायला घरात जाऊ नका, आधी कोंबडी उचला. कोंबड्यांना रंग चांगले दिसतात आणि लाल रंगावर त्यांची चोच आपोआप जाते. एकीने टोचलं, रक्ताचा थेंब दिसला, की एरवी गरीब असलेली कोंबडीही येऊन टोचते. तासाभरात मांस उघडं पडतं. पार्श्वभागी टोचलं गेलं तर आतडी बाहेर ओढली जाऊन कोंबडी मरतेसुद्धा. संध्याकाळपर्यंत बघू म्हणाल, तर संध्याकाळी बघायला काही उरणार नाही.

धरताना जुना टॉवेल अंगावर टाकून गुंडाळून घ्यावे आणि डोळ्यांवर पदर किंवा फडकं घ्यावं. अंधार झाला की कोंबडी निमूट राहते. एक मात्र फार जपा, छाती दाबू नका. आपल्यासारखा श्वासाचा पडदा कोंबडीला नसतो, तिची छाती वरखाली झाली तरच तिला श्वास घेता येतो. मुलं प्रेमाने घट्ट कवटाळतात आणि कोंबडी हातात गुदमरते. पंख अंगाशी धरून, खालून हाताचा आधार देऊन धरावी.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती कापड चार-पाच मिनिटं नुसतं दाबून धरावं, मधे मधे उघडून पाहू नये. तुऱ्याला लागलं की रक्त फार येतं, पण घाबरण्यासारखं नसतं. वरवरच्या जखमेवर चिमूटभर शुद्ध हळद दाबली तर रक्त थांबायला मदत होते. खोल जखमेत मात्र हळद कोंबू नये, ती आत गोळा होऊन बसते आणि खाली पू झाला तरी दिसत नाही.

मग धुणं. लिटरभर पाणी उकळून कोमट करावं, त्यात दीड चहाचा चमचा मीठ विरघळवावं. बिनसुईच्या इंजेक्शनच्या नळीने हे पाणी जखमेवर हळूहळू सोडावं, माती, पिसांचे तुकडे, विष्ठा निघून जाईपर्यंत. चोळू नये. भोवतीची चिकटलेली पिसं कात्रीने कातरावी, उपटू नयेत. नवीन उगवणारं पीस निळसर, जाड देठाचं दिसतं. त्याच्या देठात रक्त असतं, ते कातरलं तर नवीन रक्तस्राव सुरू होतो. धुऊन झालं की पोव्हिडोन आयोडीनचं औषध, जे आपण मुलांच्या गुडघ्याला लावतो तेच, पाण्यात फिकट चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावावं. पाठीच्या जखमेला पट्टी बांधायची गरज नाही, ती टिकतही नाही. सोललेलं कातडं लोंबत असेल तर ते धुऊन जागेवर बसवावं आणि डॉक्टरांना दाखवावं. घरच्या सुई-दोऱ्याने शिवायला जाऊ नका. हसू नका, असं करणाऱ्या बाई मला माहीत आहेत.

काय लावू नये तेही सांगते, कारण आपल्याकडे सल्ले देणारे पुष्कळ. रॉकेल नको, फिनेल नको, चुना नको. माणसांच्या खाजेचं, बधिर करणारं मलम नको. पूर्वी सर्रास लावायचे ते जांभळं औषध, जेन्शियन व्हायोलेट, ते ज्या जनावरांचं अंडं-मांस आपण खातो त्यांना लावणं बऱ्याच देशांनी बंद केलं आहे, तेव्हा आपणही टाळलेलं बरं. घरात उरलेल्या कॅप्सूल फोडून पाण्यात घालणं तर मुळीच नको. त्याने कोंबडी बरी होईलच असं नाही, पण ते औषध अंड्यातून मुलांच्या पोटात मात्र जाईल.

जखमी कोंबडीला खोक्यात किंवा डालग्याखाली, शांत आणि अंधाऱ्या जागी ठेवावी. खाली कोरडा भुसा किंवा जुनं सुती कापड, रोज बदललेलं. पुस्तकांतून ‘उबेत ठेवा’ असं लिहिलेलं असतं, ते थंड मुलखासाठी. आपल्या खानदेशात एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर जातो. तेव्हा उब कसली, सावली आणि वारा हवा. मी मोरीजवळच्या पडवीत ठेवलं होतं आणि एका बाजूने ओलं गोणपाट टांगलं होतं. पाणी मातीच्या परळात, दिवसातून तीनदा बदलून. पहिल्या दिवशी त्यात मुलांना जुलाबात देतो ती जलसंजीवनी दिली तरी चालते. खायला मऊ द्यावं, म्हणजे भिजवलेला भाकरीचा चुरा आणि त्यात उकडलेलं अंडं कुस्करून. कोंबडीला अंडं कसं द्यायचं, असं आजींनी विचारलंच. पण पीस हे बहुतेक सगळं प्रथिनांचंच असतं आणि ती प्रथिनं कुठून तरी यायला हवीत ना?

जखम सकाळ-संध्याकाळ पाहावी. माशी बसू देऊ नका. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात माशीने अंडी घातली की एका दिवसात अळ्या पडतात. जखमेच्या आत नव्हे, पण कडेच्या पिसांवर कडुनिंबाचं तेल लावलं तर माशी लांब राहते. वास यायला लागला, कडा हिरव्या-काळ्या पडल्या, अळ्या दिसल्या किंवा कोंबडीने दिवसभर चोच हलवली नाही, तर घरगुती उपाय थांबवून सरळ जनावरांचा दवाखाना गाठावा. जखम डोळ्याला किंवा पार्श्वभागाला असेल तर थांबूच नये. १९६२ या क्रमांकावर फोन केला तर पशुवैद्यकीय सेवेची माहिती मिळते. मांजराने धरलेल्या कोंबडीलाही डॉक्टरच हवा. मांजराच्या दाताची जखम बाहेरून टाचणीएवढी दिसते आणि आतून सडत जाते.

आता माझी चूक. पाच दिवसांत चंपीची खपली धरली, ती खायला लागली. मला वाटलं, झाली बरी. सकाळी दाणे टाकायच्या वेळेला मी तिला परत सगळ्यांत सोडलं आणि पोळ्या लाटायला आत गेले. खपली लालच होती. दहा मिनिटांत ओरडा ऐकू आला. या वेळी जखम आधीपेक्षा मोठी झाली आणि थेट पार्श्वभागाच्या कडेपर्यंत गेली. मुलगी माझ्याशी बोलली नाही. मला स्वतःचाच इतका राग आला की शाळेला रजा टाकली आणि चंपीला टोपलीत घालून रिक्षाने दवाखान्यात नेलं. रिक्षावाल्याने, ‘‘ताई, पाहुणे येणार का?’’ असं विचारलं. मी काही बोलले नाही.

डॉक्टर म्हणाले, ‘‘ताई, औषध देतो, पण खुराडं केवढं आहे ते आधी सांगा.’’ खुराडं तीन फूट बाय अडीच. चार कोंबड्यांनाच जेमतेम, त्यात मी सहा कोंबल्या होत्या. म्हणजे एकीला सव्वा चौरस फूट. ते म्हणाले, दिवसा अंगणात मोकळ्या फिरत असतील तर रात्रीपुरती निदान दोन चौरस फूट जागा एकेकीला हवी. दिवसभर कोंडून ठेवत असाल तर त्याच्या दुप्पट. मी शाळेत जाताना मांजराच्या भीतीने कोंडून जात होते, तेही भर उन्हाळ्यात, पत्र्याखाली. मग त्या टोचतील नाहीतर काय करतील? त्यांनी चंपीला इंजेक्शन दिलं आणि सात दिवस तिची अंडी खाऊ नका असं बजावलं. औषधाप्रमाणे हे दिवस कमी-जास्त होतात, म्हणून दरवेळी विचारून घ्यावं. अर्थात त्या अवस्थेत ती अंडी कुठली घालते म्हणा.

घरी आल्यावर मी खुराड्यासमोर पाट टाकून बसले आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. कोण कुणाला टोचतं याचा क्रम ठरलेला असतो. सगळ्यांत वरची कोणालाही टोचते, तिला कोणी टोचत नाही. दुसरी तिला सोडून बाकीच्यांना टोचते. असं करत करत सगळ्यांत खालची सर्वांचं खाते आणि कोणाला बोलत नाही. नॉर्वे देशात थॉर्लाइफ शेल्डरुप-एब्ब नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. लहानपणापासून घरच्या कोंबड्या निरखायचा त्याला नाद होता. हा टोचण्याचा क्रम त्याने मांडला आणि १९२२ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध केला. पुढे माणसांच्या कचेऱ्यांबद्दल बोलतानाही लोक तोच शब्द वापरू लागले. आपल्या बायकांना हे सांगायला नॉर्वेहून कोणी यायला नको होतं, असं मला वाटलं ते असो. मुद्दा असा की हा क्रम एकदा बसला की कळप शांत असतो. नुसती मान उगारली तरी पुरते, रक्त येत नाही. नवीन कोंबडी आली, जुनी आजारी पडली, किंवा जागा आणि खाणं कमी पडलं, की सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

जखम कुठे आहे यावरूनही बरंच कळतं. तुरा आणि डोकं टोचलेलं असेल तर ते भांडण, क्रम ठरतो आहे. शेपटीचं बूड किंवा पार्श्वभाग टोचला असेल तर गर्दी, उष्णता किंवा खाण्यातली उणीव. पहिली-पहिली अंडी घालणाऱ्या तलंगेचा पार्श्वभाग अंडं घालताना लालसर बाहेर येतो, तोही बाकीच्या टोचतात. म्हणून अंडी घालायची जागा अंधारी, आडोशाची असावी. आणि पाठीवरची पिसं गेलेली, दोन्ही बाजूंना ओरखडे असतील, तर कोंबड्यांना बोल लावू नका, तो कोंबड्याच्या नख्यांचा प्रताप आहे. त्याला काही दिवस वेगळं ठेवलं की पाठ भरून येते.

खाण्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथेच आपण चुकतो. नुसत्या ज्वारी-बाजरीच्या कण्या आणि उरलेला भात यावर कोंबडी जगते, पण तिला प्रथिनं कमी पडतात आणि मग ती दुसरीची पिसं उपटून खाते. ज्वारीत प्रथिनं शेकडा दहाच्या आसपास असतात, अंड्यावरच्या कोंबडीला सोळा-सतरा तरी लागतात. शेंगदाण्याची ढेप घालावी, पण बुरशीचा जरासा वास आला तरी टाकून द्यावी, ती विषारी असते. शेवग्याचा पाला, सुकटीचा चुरा चालतो. मात्र आपल्याकडे घरोघरी म्हशीसाठी सरकीची ढेप असते, ती कोंबड्यांना घालू नका. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. त्याने अंडी ठेवली की बलक हिरवट-करडा पडतो. आमच्या एका बाईंकडे तसं झालं, तर त्यांनी करणी झाली म्हणून नारळ उतरवला होता! मिठाची उणीव असली तरी टोचाटोची वाढते. उष्टं-खरकटं जात असेल तर वेगळं मीठ नको, पण नुसते कोरडे दाणे घालत असाल तर किलोभर खाद्याला अर्धा चहाचा चमचा पुरे. त्याहून जास्त मीठ त्यांना बाधतं.

शिवाय खाण्याची भांडी एक नको, तीन हवीत, लांब लांब ठेवलेली. वरची कोंबडी एका भांड्यावर राखण करते, तीन भांड्यांवर तिला करता येत नाही. कोबीची पानं किंवा मेथीची जुडी दोरीने त्यांच्या डोक्यापेक्षा थोडी वर टांगली तर त्या दिवसभर उड्या मारून तेच टोचत बसतात. कोपऱ्यात राख आणि कोरडी माती एकत्र करून ठेवली की त्या अंघोळ करतात, उवा कमी होतात. उवांनी बेजार झालेली कोंबडी चिडचिडी होते, आपणही होऊच.

एक इशारा मधेच देते. तुरा निळा-जांभळा पडला, डोकं सुजलं, नाकातून पाणी येतं आहे, किंवा एकामागून एक कोंबड्या पटापट मरताहेत, तर ती टोचल्याची जखम नव्हे. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, तो देशातल्या कोंबड्यांमधला पहिलाच. त्या वेळी लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. २०२१ साली तिथेच पुन्हा आढळला. नवापूर १९९८ पर्यंत आपल्या धुळे जिल्ह्यातच होतं, म्हणजे हे काही लांबचं नाही. अशा वेळी कोंबडीला हात लावू नये, मेलेली उकिरड्यावर फेकू नये, कापून तर खाऊच नये. पशुसंवर्धन खात्याला कळवावं. आणि एरवीही जखमी कोंबडीला हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय स्वयंपाकाला लागू नये.

चंपीला दुसऱ्या खेपेला बरं व्हायला तीन आठवडे लागले. या वेळी मी घाई केली नाही. सुताराकडून खुराडं सहा बाय तीन करून घेतलं, वर पत्र्यावर पाचट टाकलं. खर्च झाला. ह्यांनी हिशेब करून सांगितलं की इतक्या पैशात वर्षभराची अंडी आली असती. कातडी पूर्ण सुकून लाली गेली, बारीक पिसं फुटली, तेव्हा पहिले आठ दिवस चंपीला अंगणातच डालग्याखाली ठेवलं. बाकीच्या तिला बघत होत्या, जाळीतून चोच लावत होत्या, पण टोचता येत नव्हतं. पुढारीण कोण ते मला कळलं होतं. काळी, पायाला पिसं असलेली. तिलाच चार दिवस वेगळं कोंडलं. म्हणजे परत आली तेव्हा तीच पाहुणी झाली. मग एके दिवशी रात्री, सगळ्या झोपल्यावर, चंपीला उचलून दांडीवर तिच्या साक्रीच्या जोडीदारणीशेजारी ठेवलं. रात्री कोंबड्यांना फारसं दिसत नाही, त्या भांडत नाहीत. सकाळी मात्र उजाडायच्या आत मी उठून पाटावर बसले होते. शाळेची वेळ होईपर्यंत हलले नाही. दोनदा मान उगारली गेली, एकदा तुऱ्याला चोच लागली, चंपी बाजूला सरकली. रक्त आलं नाही.

शेपटीची जी पिसं मुळासकट उपटली गेली होती ती दीड-दोन महिन्यांत आली. जी मधेच तुटली होती ती पिसं झडण्याच्या हंगामापर्यंत तशीच तुटकी राहिली. तेव्हा अमळनेरच्या भगिनींनी धीर सोडू नये. तुमच्या चौघींपैकी पुढारीण कोण हे दोन दिवस बसून पाहा, आणि खुराड्याची लांबी-रुंदी मोजून कळवा. मुलाला सांगा, कोंबडीला पाणी पाजायचं काम त्याचं. सासूबाईंना काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. आमच्या शेजारच्या आजी मात्र अजूनही चंपीकडे बघून मसाल्याची चौकशी करतात, आणि आठवड्याला तिचीच दोन अंडी घेऊन जातात.